प्रश्नचिन्हांच्या जागी

वडगावच्या एसटी थांब्यावर पाठीमागून फोनवरचा ओळखीचा आवाज आला, "समीक्षा मॅडम... तुमीच ना?"

वळून पाहिलं, तर कुरवंड्याचा प्रज्ञेश! त्याच्या घरी पर्यटकांसाठी खोल्या आहेत. त्यांच्या बुकिंगचा प्रोग्रॅम मी लिहीत होते. फोनवर रोज बोलणं, पण समोरासमोर आज पहिल्यांदाच. छत्री असून अर्धा भिजलेला... आणि बघणं इतकं सरळ, की मी उगाच ओढणी सावरली.

त्यानं मोबाइल पुढे केला. "ह्ये काय समजायचं आमी?"

'प्रज्ञेश यांच्यासाठी समीक्षा राखून ठेवली आहे. — मालक, करवंद.'

"करवंद तर खोलीचं नाव. ती मालक कवा झाली?"

माझे कान तापले. काल चाचणीसाठी पाहुणी म्हणून मी माझंच नाव घातलं होतं. डेटाबेसला द्यायच्या सूचनेत तीन प्रश्नचिन्हं ठेवलेली— पाहुणा, खोली, मालक. त्यांच्या जागी नावं दिलेल्या क्रमानंच बसतात. मी मालकाचं, म्हणजे प्रज्ञेशचं, नाव आधी दिलं आणि सगळीच एकेक घर सरकली; मेसेजही तसाच गेला.

"चूक झाली हो," मी म्हणाले. "प्रश्नचिन्हाला काय कळतंय, कोण कुठं बसायचं ते!"

"चूकच व्हय?" त्याचा चेहरा उतरला. "मग... बरं. आंबी गावचं स्थळ आलंय. आये आज होकार कळवनार हाय. म्हनलं, आधी येऊन तुमाला इचारावं."

बरं? कसलं बरं? मला हसू येत होतं की रडू, तेच कळेना. आणि मालकाचं नाव मी आधी दिलंच का? घाईत? की दिवसभर तेच नाव डोक्यात होतं म्हणून?

लोणावळ्याची गाडी लागली. तो वळला.

"थांबा ना!"

मी बाकावरच लॅपटॉप उघडला. प्रश्नचिन्हं पुसली आणि प्रत्येक जागेला नाव दिलं— :पाहुणा, :खोली, :मालक. आता क्रम कसाही असो, ज्याचं त्यालाच जाणार. नावं भरली. बटण दाबलं.

त्याचा मोबाइल वाजला.

'प्रज्ञेश यांच्यासाठी समीक्षा राखून ठेवली आहे. — मालक, समीक्षा.'

"परत चूक?" तो गोंधळून म्हणाला.

"आता जागांना नावं दिलीत. चुकून असं होतच नाही."

तो वाचतच राहिला. गाडी निघून गेली. मग त्यानं घरी फोन लावला.

"आये, आंबीला न्हाई म्हनून कळव... व्हय, न्हाईच. कुनाला म्हंजे? घरी घेऊनच येतो की!"