सपाट चादरीखाली

मुलांनो, जरा मनात आणा. विठ्ठलवाडीतली एक चाळ. मे महिन्यातली उकाड्याची संध्याकाळ, लाइट गेलेली. खाटेवर एक आजोबा. चादरीखाली त्यांचा एकच पाय.

दुसरीकडची चादर... सपाट.

हे खरं घडलंय. जिच्या हाताखाली घडलं ती अस्मिता अजूनही त्या खाटेकडे पाठ करून झोपत नाही.

तिच्या आजोबांच्या, धर्मराजांच्या, डाव्या गुडघ्यामागे सुपारीएवढी गाठ आली होती. बोट ठेवलं की उडायची.

"ही साधी गाठ नाही. रक्ताची नळी फुगलीय," डॉक्टर म्हणाले. "मांडीतली शीर काढून तिथं जोडू. रक्ताला नवी वाट मिळेल."

अस्मिताच्या वडिलांनी, राजेंद्रने, ऐकलं नाही. तेल गरम करून ती गाठ रोज चोळली. आत गोठलेलं रक्त खाली सरकलं. पाऊल काळं पडलं.

पाय कापावा लागला.

"उजव्या गुडघ्यामागंही तेच आहे," डॉक्टर म्हणाले. "हा तरी वेळेत दाखवा."

"एक खाल्लात, आता दुसरा पण द्यायचा?" राजेंद्र डॉक्टरांवरच उखडला.

त्या संध्याकाळी आजोबा कण्हले, "अस्मे, डावा पाय दाब गं. लय ठणकतोय."

"आजोबा, तो नाहीये."

"मला शिकवतेस व्हय? दाब."

त्यांचं मन राखायला तिने सपाट चादरीवर हात ठेवला.

चादर... गरम होती.

हाताखाली काहीतरी उडत होतं.

टक्... टक्...

घाबरून तिने उजवा पाय धरला. तो थंडगार. दवाखान्यात सिस्टरने पावलावर नाडी कुठं लागते ते दाखवलं होतं. तिथं बोट टेकवलं.

काहीच नाही...

"हा दुखतोय का?"

"छे. आज तर आहे का नाही, तेच कळंना."

"पप्पा, आजोबांचा पाय थंड पडलाय!"

"इथं घामाने जीव चाललाय, आणि तुला थंडी? थांब, चोळून देतो."

राजेंद्रने तेलाची बाटली उचलली.

सपाट चादर... टाचेएवढी वर आली.

आणि तशीच राहिली.

अस्मिताने बाटली हिसकावून मोरीत उपडी केली. पप्पांचा मोबाइल घेऊन ॲम्ब्युलन्सचा १०८ लावला, पाय थंड पडल्याचं सांगितलं.

"कुठल्या पायाला झालंय, बेटा?" पलीकडून विचारलं.

"जो उरलाय त्याला," ती म्हणाली. "लवकर या."