न गळणारं तळं

खण्ण!

दुपारच्या शांततेत विहिरीतून आवाज आला. पायलची कळशी पाण्यात बुडण्याऐवजी तळाच्या खडकावर आपटली होती.

"पोचा पडला! आता आई मला बडवणार," दोर ओढत पायल म्हणाली.

तृप्ती आणि तिचा धाकटा भाऊ ललित काठावरून वाकून बघू लागले. दिवाळीच्या सुट्टीत दोघं ओझरहून जयराममामाकडे आले होते. मामाच्या द्राक्षबागेखाली, उतारावर पायलची वस्ती होती.

"दिवाळीतच कोरडी?" तृप्तीनं विचारलं. "मागच्या वर्षी याच पाण्यावर गहू केलात ना?"

"औंदा नाय. भाऊबीज झाली की सगळ्यांनी दिंडोरीला जायचं, बागांच्या कामाला."

"आणि शाळा?"

पायल कळशीचा पोचा अंगठ्यानं दाबत राहिली.

"पण वरचं तळं तर काठोकाठ भरलंय!" ललित म्हणाला. "काल आम्ही बोटीत बसलो की!"

तीच तर गंमत होती! खालच्या विहिरींना पाणी लागावं म्हणूनच गावानं श्रमदानानं तो पाझर तलाव बांधला होता. यंदा पाऊस चांगला झाला. तळ्यात बोटी आल्या, नाशिकहून गाड्या भरभरून माणसं येऊ लागली, काठावर विमलामावशीची कणसं खपू लागली. मग विहिरीचं पाणी कुठं गेलं?

पोरं निघाली तळ्याकडे. पायलचा छोटा भाऊ काळूही मागोमाग. ललित काठाशी घोटाभर पाण्यात उतरला आणि धप्पकन बसला!

"मगर!"

"मगर कसली, घाबरट! घसरलास," तृप्ती हसली.

"पण इथं साबण लावल्यासारखं आहे खाली!"

तृप्तीनं हातानं माती बाजूला केली. खाली काळंभोर, चकचकीत प्लास्टिक!

"हा तर शेततळ्याचा कागद!" पायल ओरडली. "पाणी मुरू नाय म्हणून बागवाले टाकतात तो!"

मामांना विचारलं, तर ते खूशच झाले. "मीच पुढाकार घेऊन टाकला! उन्हाळ्यात गाळ काढला तेव्हा. फार गळायचं रे तळं. आता मेपर्यंत बोटी चालतील, गावाला रोजगार मिळेल."

"पण मामा, पायलची विहीर..."

"तिकडं पाऊस कमी झाला असेल."

"तिकडं? इथून हाक मारली तर ऐकू येते!"

"ललित, जा, चकल्या खा!"

मोठ्या माणसांशी वाद घालून काय होणार? पोरांनी वेगळाच बेत केला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मामांना चहाच्या कपासकट ओढ्याच्या वाळूत आणलं.

"मामा, तुम्ही परीक्षक! यातलं कुठलं तळं चांगलं?"

उतारावर दोन खड्डे होते. एकात प्लास्टिकची पिशवी अंथरलेली, दुसरा उघडा. पोरांनी दोन्ही काठोकाठ भरले होते.

"हे काय विचारणं? पिशवीचं! थेंब हलला नाही. दुसरं बघ, निम्मं गेलं."

"नक्की?"

"अगदी नक्की!"

"मग आता त्यांच्या विहिरी बघा!" पायलनं खालच्या बाजूच्या दोन छोट्या खड्ड्यांवर पालथ्या घातलेल्या थाळ्या उचलल्या. उघड्या तळ्याखालच्या छोट्या खड्ड्यात पाणी चमकत होतं. पिशवीच्या तळ्याखाली नुसती वाळू!

मामांनी त्या कोरड्या खड्ड्यात बोट घालून पाहिलं.

"मी आपला गळती, गळती म्हणत बसलो," ते हळूच म्हणाले.

"गळती नव्हती मामा ती," तृप्ती म्हणाली. "पाझर होता."

संध्याकाळी मारुतीच्या पारावर मामांनी स्वतःच सगळ्यांना ते सांगितलं. उद्यापासून कागद फाडायचं ठरलं. पायलची आई भागीबाई ललितच्या पाठीवर धपाटा घालून म्हणाली, "लय हुशार पोरं! थोडी ओल आली ना, तर हरभरा पेरीन. आम्ही नाय जात आता कुठं!"

पायलनं तृप्तीचा हात घट्ट धरला. सगळे हसत होते.

काळूनं मात्र तृप्तीचा फ्रॉक ओढला. "ताई, मंग तळं लवकर आटंल ना? बोटी बी जातील. तिथं कणसं भाजती ना, ती विमलामावशी... तिनं दिंडोरीला जायचं का?"