न चाललेल्या टप्प्याचं पान

हसणारे हसतील. खुशाल हसा. मीही असल्या गोष्टींना हसायचो. पण हे ऐकीव नाही, माझ्या डोळ्यांदेखत घडलंय. ज्याच्याबाबत घडलं तो माझा मेहुणा. दर रविवारी आमच्याकडे जेवायला येतो.

गेल्या वर्षी त्याच्या डोक्यात एक खूळ शिरलं. डोंगररांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जायचं. बायको मला म्हणाली, "तो एकटा गेला तर माझा जीव टांगणीला लागेल. तुम्ही जा बरोबर. आणि त्याला घेऊनच परत या."

आई-वडील गेल्यावर तिनंच त्याला लहानाचा मोठा केलाय. नाही म्हणायची माझी काय बिशाद!

वाटेची माहिती देणारं पुस्तक हवं म्हणून आम्ही जुन्या-नव्या पुस्तकांच्या एका दुकानात गेलो. मी नवं, जाडजूड पुस्तक उचललं. नकाशे, पाण्याच्या जागा, मुक्काम, सगळं होतं त्यात. पण आमचे मेहुणेबुवा पाठीवरच्या ओझ्याच्या बाबतीत महाकंजूष. दात घासायच्या ब्रशची दांडीसुद्धा अर्धी कापलेली! त्याला तळाच्या फळीवर एक जुनं पुस्तक सापडलं. पहिली निम्मी पानं गायब.

"दाजी, हेच घ्यायचं! लांब चालणारे असंच करतात. टप्पा संपला की त्याचं पान फाडायचं आणि मुक्कामाला शेगडीत टाकायचं. तेवढंच वजन कमी. सुरुवातीला वाटेवर पाट्या आहेतच, तिथे पुस्तक लागतंय कुणाला?"

"आणि या पुस्तकाचा आधीचा मालक पानं फाडता फाडता निम्म्यातच का थांबला?" मी विचारलं.

दुकानदार चष्मा पुसत होता.

"पुस्तक परत आलं," तो म्हणाला. "एवढंच मला माहीत."

मला ते पुस्तक मुळीच आवडलं नव्हतं. पण मेहुण्याशी वाद घालून आजवर कुणी जिंकलंय?

सुरुवातीचे टप्पे मजेत गेले. मग पाट्या संपल्या आणि आम्ही पुस्तक उघडलं.

त्याच दुपारी पहिल्यांदा ऐकू आलं...

टर्र...

मागून. कुणीतरी कागद फाडत होतं. सावकाश, घडीवर नख फिरवून फाडतात तसं.

वळून पाहिलं. कुणी नाही. नुसती ओसाड उतरण.

"वारा असेल," मेहुणा म्हणाला.

पण वारा पडला होता. गवताची काडीसुद्धा हलत नव्हती.

दुसऱ्या दिवशी धुकं उतरलं. हात लांब केला तर बोटं दिसेनात. त्यात वाटेला दोन फाटे फुटले. मेहुण्यानं पुस्तक काढलं.

त्या टप्प्याचं पान नव्हतं.

सकाळी चहा पिताना आम्ही दोघांनी ते वाचलं होतं हो! पुस्तक सगळं पिवळं पडलेलं, पण फाटलेली कड मात्र पांढरीशुभ्र. ताजी.

"तू फाडलंस?"

"दाजी, चालून झालेलं पान फाडतात. न चाललेलं कोण फाडेल?"

तेवढ्यात डावीकडच्या फाट्यावरून...

टर्र...

"कुणीतरी आहे. विचारून येतो," तो म्हणाला. मी त्याच्या सॅकचा पट्टा धरला. तो हसून निसटला आणि धुक्यात शिरला.

तो बोलत असलेला मला ऐकू येत होता. हसतही होता. समोरच्याचा आवाज मात्र येत नव्हता. मग त्यानं हाक मारली, "दाजी, या! वाट हीच आहे. हे गृहस्थ आधी जाऊन आलेत!"

मी पाऊल उचललं...

आणि मागून खांद्यावर हात पडला.

मेहुणा!

"कुठे होतात तुम्ही? केव्हाचा शोधतोय. चला, मागे फिरू."

तेच जाकीट. तीच सॅक. तोच चेहरा.

आणि डावीकडून, धुक्यातून...

"दाजी? कुणाशी बोलताय?"

खांद्यावरच्या हातानं माझं मनगट धरलं आणि मला ओढलं. मी पळत सुटलो. हात गार होता. पण त्या हवेत कुणाचा हात गरम असणार?

मागून हाका येत राहिल्या. आधी चिडून. मग रडवेल्या.

"दाजी, मला सोडून जाऊ नका हो... ताईला काय सांगाल?"

भुताला असं बोलायचं सुचतं का, तुम्हीच सांगा.

आम्ही घरी पोचलो. सगळ्यांना आनंद झाला. मेहुणा ठणठणीत आहे. नोकरीवर जातो, रविवारी येतो, वाढलेलं निमूट जेवतो. फक्त माझ्याशी वाद घालत नाही. काहीही म्हणा, "बरोबर आहे, दाजी." एकेकाळी हेच ऐकायला माझे कान आसुसले होते. आता ऐकलं की मी ताट अर्धं सोडून उठतो.

परवा जेवण झाल्यावर तो म्हणाला, "दाजी, तो टप्पा राहिलाय. परत जाऊया?"

तो गेल्यावर मी स्वयंपाकघरात जाऊन बायकोला सांगितलं. ती भांडी घासत होती.

"तुम्ही त्याच्याबरोबर जायचं नाही," ती म्हणाली. वळलीसुद्धा नाही.

"अगं, असं काय बोलतेस? भाऊ आहे तुझा."

तिनं नळ बंद केला. डोळे भरून आले होते तिचे.

"माझा भाऊ रोज हाका मारतो मला. खूप लांबून. थंडी वाजतेय म्हणतो..."

धुक्यातल्या त्या हाकांबद्दल मी तिच्याजवळ अवाक्षरही काढलेलं नाही. देवाशपथ.

"अहो," तिनं विचारलं, "त्याला का नाही आणलंत?"