निरंक

पूर्वप्रेषण कक्षातलं यंत्र सोमवारी सकाळी अकरा वाजता खाकरलं आणि त्याने एक कागद बाहेर सोडला, तेव्हा खोलीत डॉ. वसुंधरा टिपणीस एकटीच होती. प्रत्येक विभागाने आळीपाळीने या खोलीत माणूस बसवावा, असं पूर्णातट विद्यापीठाचं परिपत्रक होतं. वनस्पतिशास्त्राची पाळी आली की विभागप्रमुख कर्णिक वसुंधरेलाच पाठवत. "तुमचं दगडफूल वर्षाला एक मिलिमीटर वाढतं. एक दिवस नाही पाहिलंत तर रुसणार नाही," हे त्यांचं कारण, आणि शास्त्रीयदृष्ट्या ते बिनचूक होतं.

तिने कागद वाचला. मग उभं राहून पुन्हा वाचला.

'चांद्र वनस्पती केंद्र. पद : दगडफूल-तज्ज्ञ, एक. चंद्रतळावर तीन वर्षं वास्तव्य. वयोमर्यादा पन्नास. अर्ज योग्य मार्गाने, नमुन्यासह. अंतिम तारीख : बुधवार, एकोणीस.'

आज दहा तारीख होती. वसुंधरेला पन्नास पूर्ण व्हायला तेवीस दिवस उरले होते. कागदाच्या तळाशी नेहमीची ओळ होती : 'प्राप्त अर्ज : निरंक.'

"म्हणजे स्पर्धासुद्धा नाही!" ती भिंतीला म्हणाली.

एकोणीस वर्षांच्या नोकरीत तिच्या हाती मुदत न संपलेली संधी पडण्याची ही पहिलीच वेळ. बाहेरून आलेलं पत्र आवक-जावक विभाग, उपकुलसचिव, कुलसचिव, अधिष्ठाता असं दर्शन घेत घेत विभागात पोचायला सरासरी बावीस दिवस लागत. एकदा तर परिषदेचं निमंत्रण आणि त्याच परिषदेचा इतिवृत्तांत तिला एकाच पाकिटात मिळाला होता. हा विलंब कमी करण्यापेक्षा काळ मागे वळवणं सोपं, असा निष्कर्ष विद्यापीठाने काढला आणि पदार्थविज्ञान विभागाच्या डॉ. मुजावरांनी तो खरा करून दाखवला. त्यांची यंत्रणा एका पानाचा मजकूर चौदा दिवसांपर्यंत मागे पाठवू शकत होती. सरकारी नाव 'पूर्वप्रेषण यंत्रणा'. बाकी सगळे तिला उलटटपाल म्हणत.

कागद घेऊन वसुंधरा उपाहारगृहात पोचली तेव्हा मुजावर पोह्यांतले शेंगदाणे वेगळे काढून ठेवत होते.

"मुजावर सर, तुमच्या यंत्राला पेढे द्यायला हवेत!"

मुजावरांनी कागद पाहिला. शेंगदाणा हातातच राहिला.

"बसा, मॅडम."

"बसायला वेळ कुठाय? नऊच दिवस आहेत."

"बसा हो. ही खालची ओळ वाचलीत?"

"निरंक. कुणी अर्जच केलेला नाही अजून."

"अजून नाही, मॅडम. ही ओळ आजची नाही. पुढच्या बुधवारी संध्याकाळी लिहिलेली आहे."

वसुंधरा बसली.

"एक कागद मागे ढकलायला मुलींच्या वसतिगृहाचं दोन दिवसांचं गरम पाणी जाईल एवढी वीज लागते," मुजावर म्हणाले. "सगळीच परिपत्रकं पाठवणं परवडेना. मग व्यवस्थापन परिषदेने ठराव केला : मुदत संपेपर्यंत ज्या संधीला एकही अर्ज आला नाही किंवा कुणी रुजू झालं नाही, तेवढीच मागे पाठवायची. म्हणजे वाया गेलेली संधी वाचेल. ऐकायला किती शहाणपणाचं वाटतं, नाही?"

"मग चांगलंच आहे की. मी आता अर्ज करते."

"केलात, तर बुधवारी निरंक लिहिलं जाणार नाही. निरंक नसेल तर हा कागद मागे पाठवला जाणार नाही. आणि पाठवला नाही तर आज तुमच्या हातात हे काय आहे?"

वसुंधरेने हातातल्या कागदाकडे पाहिलं.

"कालसंगतीचा नियम म्हणतात याला. निरोप मागे जातो, घडलेलं बदलत नाही. उलटटपालावर जाहिरात आली, म्हणजे तिला कुणी अर्ज करत नाही, हे आधीच ठरलं. तीन वर्षांत एकेचाळीस जाहिराती आल्या, एकही अर्ज गेला नाही. कुणाचा पाय मुरगळला, कुणाचा छपाईयंत्रात कागद अडकला, एकाने अर्जाऐवजी विजेचं बिल जोडलं. वर अहवाल काय आला? 'प्राध्यापकांमध्ये संधींविषयी कमालीची अनास्था.'"

"तुम्ही सांगितलं नाहीत कुणाला?"

"टिपणी सादर केली आहे. दीड वर्षापूर्वी. सध्या ती अधिष्ठात्यांकडे असावी."

"मी तुमच्या यंत्राची तार उपटते. बुधवारी पाठवताच येणार नाही."

"उपटून बघा," मुजावर सहानुभूतीने म्हणाले. "मीही बघितलं होतं."

तिने बघितलं. मंगळवारी खोलीला कुलूप होतं आणि किल्ली ज्याच्याकडे होती तो भाचीच्या लग्नाला गेला होता. गुरुवारी ती तारेपर्यंत पोचली, हात पुढे केला आणि कपाटावरून १९९८ पासूनच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा तिच्या अंगावर कोसळला. शुक्रवारी मनगटाला पट्टी बांधून ती घरी बसली. खिडकीच्या कठड्यावर काचेच्या बशीत तिने वाढवलेलं दगडफूल होतं. ते करडं, कोरडं, मेल्यासारखं दिसत होतं. हवा नसलेल्या पात्रात चौदा महिने जगून दाखवलेली जगातली ती एकमेव जात होती, आणि चंद्रावर माती तयार करायला तीच लागणार, हे वसुंधरा अकरा वर्षं लिहीत होती. कर्णिकांचं मत, दगडफूल गोड्या मसाल्यातच बरं.

ती कशानेच बांधलेली नव्हती. दार उघडं होतं, अर्ज लिहून तयार होता, मुदत शिल्लक होती. तरीही बुधवारी काय लिहिलेलं आहे ते तिच्या टेबलावर छापून पडलं होतं. कोंडलेल्या माणसाला निदान भिंत तरी दिसते.

सोमवारी ती कर्णिकांकडे सही मागायला गेली. त्यांनी आजवर तिच्या एकाही अर्जावर वेळेत सही केली नव्हती.

"उलटटपालावरची अपशकुनी जाहिरात ना?" कर्णिक प्रसन्नपणे म्हणाले. "आणा, टिपणीसबाई, आणा. दोन सह्या करू का?"

सही झाली. इतक्या सहजपणे झाली की तिला रडू आलं.

बुधवारी दुपारी ती मुजावरांच्या दारात उभी होती.

"सर, एकच सांगा. मी अर्ज केला की नाही, हे तुमच्या यंत्राला कसं कळतं?"

"त्याला कसं कळणार? त्याला एवढंच कळतं की नोंदवहीत निरंक आहे."

"आणि निरंक कोण लिहितं?"

मुजावरांनी चष्मा काढला. "घोडकेबाई," ते सावकाश म्हणाले. "मॅडम, नियमाला निरंक हवं आहे. अर्ज न जाणं हवं असं काही नाही. पण घोडकेबाई..."

आवक-जावक विभागाच्या सुलोचना घोडके सत्तावीस वर्षं त्या खुर्चीवर होत्या, आणि इतक्या वर्षांत त्यांच्या हातून एकही नोंद सुटली नव्हती. त्या विद्यापीठात कुणालाही न साधलेली ही गोष्ट नेमकी त्यांना साधावी, हे वसुंधरेचं नशीब.

"घोडकेबाई, हा अर्ज नोंद न करता संध्याकाळच्या थैलीत टाकाल?"

"कोण, मी?" घोडकेबाईंनी पदर सावरला. "मॅडम, कुलगुरूंच्या मुलाची लग्नपत्रिका मी नोंदवली आहे. मला आलेली चिठ्ठीसुद्धा नोंदवली आहे, मिस्टरांनी डब्यात घातलेली. आल्या कागदाला नंबर."

"माझ्यासाठी एकदा..."

"खोटं लिहायला सांगू नका. लाल वही कागदाची, हिरवी वही वस्तूंची. सत्तावीस वर्षं दुसरं काही केलेलं नाही."

वसुंधरा वळली आणि थांबली.

"पुडकं कुठल्या वहीत?"

"वस्तू. हिरव्या."

"पुडक्यात कागद असला तर?"

"मी लोकांची पुडकी उघडत नाही," घोडकेबाई दुखावल्या स्वरात म्हणाल्या. "बाहेर जे लिहिलंय ते लिहिते."

जाहिरातीत लिहिलंच होतं : नमुन्यासह. साडेचार वाजता वसुंधरेने खिडकीवर एक पुडकं ठेवलं. वर केंद्राचा पत्ता होता.

"आत काय?"

"दगडफूल."

घोडकेबाईंनी वास घेतला. "मसाल्याचं?"

"कर्णिक सर तसंच म्हणतात."

हिरव्या वहीत नोंद झाली : 'दगडफूल, पुडकं एक.' पुडकं थैलीत पडलं. साडेपाचला घोडकेबाईंनी लाल वही उघडली, बोट फिरवलं आणि सुवाच्य अक्षरात, पूर्ण खरेपणाने लिहिलं : 'प्राप्त अर्ज : निरंक.'

सहा वाजता मुजावरांनी जाहिरात यंत्रात सरकवली. कळ वसुंधरेने दाबली. त्या दिवशी वसतिगृहातल्या मुलींनी तिला शिव्या घातल्या असतील, पण कुणाला घालायच्या हे त्यांना ठाऊक नव्हतं.

पाच आठवडे गेले. वनस्पतिशास्त्राची पाळी पुन्हा आली, यंत्र पुन्हा खाकरलं.

'डॉ. व. टिपणीस यांची दगडफूल-तज्ज्ञ या पदासाठी निवड झाली आहे. तीस तारखेपर्यंत प्रक्षेपण तळावर रुजू व्हावे.' आणि खाली : 'कार्यमुक्त होऊन रुजू : निरंक.'

तिने कागद मुजावरांपुढे ठेवला. "अभिनंदन करू, की..." त्यांनी वाक्य सोडून दिलं.

वसुंधरेला आनंद आणि धास्ती एकाच पाकिटात मिळाली होती, त्या परिषदेसारखी. निवड झाली होती. आणि ती जात नाही, हेही लिहून आलं होतं. पण एवढ्यात तिला एक सवय लागली होती. ती आवक-जावक विभागात गेली.

"घोडकेबाई, कुणी दुसरीकडे रुजू झालं, हे तुम्ही कशावरून लिहिता?"

"कार्यमुक्तीच्या आदेशावरून. आदेश आला की लिहिते. नाही आला तर निरंक."

"आणि माणूस गेलंच, आदेश न घेता?"

घोडकेबाईंनी वही मिटली. एकोणीस वर्षांत प्रथमच त्यांनी वसुंधरेकडे नीट पाहिलं. "तशी वहीच नाही, मॅडम," त्या म्हणाल्या.

सगळं विचारून करायची सवय होती तिला. रजा विचारून, पुस्तक विचारून, खोलीतला पंखा विचारून. आताही अर्जाचा मायना आपोआप मनात तयार होऊ लागला : 'माननीय महोदय, विनंती की...' पूर्ण झाला असता, तर कर्णिकांनी तो ठेवून घेतला असता आणि खालची ओळ त्याही वाटेने खरी झाली असती. अठ्ठावीस तारखेला सकाळी तिने हजेरीपत्रकावर सही केली, बशी पिशवीत ठेवली आणि फाटकाबाहेरून बस पकडली. केंद्राला कार्यमुक्तीचा कागद नको होता. त्यांना दगडफूल ओळखणारं माणूस हवं होतं.

दोन वर्षांनी चंद्रतळावरच्या काचघरात, खडकावर पसरलेल्या करड्या डागाची रुंदी ती मोजत होती. दोन मिलिमीटर. पृथ्वीवरून आलेल्या टपालात 'पूर्णातट वार्ता'चा अंक होता. तिची जागा रिकामी दाखवली असती तर पदच रद्द झालं असतं, म्हणून कर्णिकांनी ती कधी दाखवली नव्हती. पान तीनवर बातमी होती : 'सलग एकवीस वर्षं एकाही संधीचा लाभ न घेता, एकही दिवस गैरहजर न राहता सेवा केल्याबद्दल डॉ. टिपणीस यांना निष्ठावान कर्मचारी पुरस्कार. सोहळ्यास स्वतः उपस्थित राहावे.'

ती हसली नाही. पानाच्या तळाशी, जिथे ती ओळ असायची, तिथे तिची नजर घाबरत घाबरत गेली.

तिथे काही नव्हतं. मग तिने सोहळ्याची तारीख पाहिली.

तारीख उलटून सव्वीस दिवस झाले होते. अंक उशिरा आला होता. म्हणजे साध्या टपालाने. म्हणजे पुढचं अजून कुणीच लिहिलेलं नव्हतं.

तिने अंकाची घडी केली, दगडफुलाच्या बशीखाली सरकवली आणि पुन्हा मोजायला बसली.