डब्यातला फोन

मरोळला एका जुन्या शेडमध्ये जयवंतचं रेकॉर्डिंगचं दुकान होतं. साल सत्तर-एकाहत्तर असेल, थंडीचे दिवस. दुकान कसलं, दोन खोल्या; आतल्या खोलीत टेपची यंत्रं, बाहेरच्या खोलीत संसार. सांताक्रूझची विमानं डोक्यावरून जायची, म्हणून त्याने दोन्हीकडच्या खिडक्यांत काथ्या आणि गोणपाट गच्च कोंबलेलं.

त्या दुपारी नाटकाचं काम होतं. उत्तरा नावाच्या नटीचा आवाज टेपवर घेतलेला, तो फोनवरून आल्यासारखा करायचा होता. जयवंतची रीत ठरलेली. मोडक्या फोनचा कानाशी धरायचा तेवढा भाग यंत्राला जोडायचा, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायचा, डबा गोधडीत गुंडाळायचा आणि डब्याच्या तोंडाशी माईक लावून आवाज दुसऱ्या टेपवर घ्यायचा. आवाज असा चेपून निघायचा, की वाटावं कुणीतरी लांबून बोलतंय.

"गोधडी कुठाय गं?"

"बाळाची घे. खराब केलीस तर तूच धुवायची," त्याची बायको जया म्हणाली.

ती गोधडी जयाच्या आईने, वेसाव्याच्या कोळीण सरूबाईने, आपल्याच लुगड्यांची शिवलेली. नातू बघायच्या आधीच म्हातारी गेली. उभ्या जन्मात तिने फोन कानाला लावला नव्हता.

बाळाला न्हाऊ घालून, ओव्याच्या धुरीवर शेकून जयाने झोळीत घातलं. ऊब राहावी म्हणून निखाऱ्यांची शेगडी तशीच ठेवली. मग दोघं आत गेली आणि जाड दार लावून घेतलं.

टेप फिरू लागली. "हॅलो... मला उशीर होईल, जेवून घ्या..." मग नुसती खरखर. बंद खोलीत सुक्या बोंबलांचा वास आला. आणि डब्यातून, अगदी हळू...

"जये... पोराला भायेर काढ..."

जयवंत कुजबुजला, "हे उत्तराबाई कधी बोलल्या?"

"पोर निजला नाय, जये..."

जया धावली, मागोमाग जयवंत. बाहेरच्या खोलीत तिचंच डोकं गरगरलं. निखाऱ्यांनी कोंडलेली हवा विषारी करून ठेवली होती. झोळीतलं बाळ चिंधीसारखं लुळं. तिने त्याला अंगणात नेलं, पाठ चोळली, तोंडावर फुंकर घातली. किती वेळाने, पण रडलं. जया तिथेच मातीत बसली, वेसाव्याकडे तोंड करून. "आये गं, तुझे उपकार..."

संध्याकाळी दोघांनी ती टेप ऐकली. उत्तरा, मग आई, मग दार धाडकन उघडल्याचा आवाज. आत कुणीच उरलं नव्हतं, तरी डब्यातून एक पुरुष दबक्या आवाजात म्हणाला, "झालं ना? चल आता."

"थांब..." आई म्हणाली. "पोराला रडू दे."

लांबून बाळाचं रडणं आलं. मग काहीच नाही.

त्या पुरुषाचा आवाज ओळखीचा नव्हता. जयाचा बाप तर तेव्हा वेसाव्यात जाळं दुरुस्त करत बसलेला, धडधाकट.

तेव्हापासून पितरांच्या दिवशी जया दोन पानं वाढते. एक आईचं. दुसरं आईला न्यायला आलेल्या त्या पुरुषाचं; तो कोण, तिला ठाऊक नाही. पण तो थांबला, एवढं तिला पुरे आहे. त्या पानापुढे हात जोडताना मात्र ती मान वर करत नाही.