येलहंकाच्या माळावर उतरलेलं विमान

कुणी विश्वास ठेवो, न ठेवो. हे घडलेलं आहे.

माझी आत्या कावेरीअक्का, तिच्या डोळ्यांदेखत घडलं. १९५८ साल. शिवरात्र नुकतीच झाली होती. जागा, बंगळूरच्या उत्तरेचं येलहंका.

आणि रात्र नव्हती... लख्ख ऊन होतं.

अक्का तिथल्या शाळेत शिकवायची. घरात ती आणि तिचा थोरला भाऊ प्राणेशअण्णा, दोघंच. घरामागं मोकळा माळ. युद्धाच्या काळात तिथं विमानं उतरायची.

अण्णा आंधळे होते.

जन्मापासून नव्हे. युद्धात ते ब्रह्मदेशाच्या आघाडीवर होते. टेकडीवर बसायचं, आभाळात विमान दिसलं की कुठल्या जातीचं, कुठल्या देशाचं ते ओळखायचं आणि खाली कळवायचं, हे त्यांचं काम. डोळे गेले, पण ते वेड गेलं नाही. आता ते कानांनी ओळखायचे.

"डाकोटा आहे. पण आपलं वाटत नाही. रंग सांग, कावेरी."

"लाल-पांढरी खूण आहे अण्णा. पाचकोनी."

"इंडोनेशिया!" म्हणायचे, आणि लहान मुलासारखे हसायचे.

सिलोन, ब्रह्मदेश, इंडोनेशिया... ज्यांच्याकडे जेमतेम मूठभर विमानं, अशा देशांच्या खुणा त्यांना तोंडपाठ होत्या. असं एखादं विमान वाट वाकडी करून इकडे आलं, की त्यांचा तो दिवस सणासारखा जायचा.

त्या दुपारी अक्का अंगणात मिरच्या वाळत घालत होती. अण्णा कट्ट्यावर बसले होते. शेजारचा बसवंत कुंपणापाशी विडी ओढत उभा होता. तो बेळगावकडचा, रेल्वेत कामाला.

अण्णांनी एकदम मान वर केली.

"एका इंजिनाचं आहे. जुनं."

अक्कानं वर पाहिलं.

आभाळ रिकामं होतं.

"काही नाही रे, अण्णा."

"आहे. दोन मजली पंखांचं... हॉक. सयामचं हॉक आहे, कावेरी. पंखावर लाल चौकोन बघ. त्यात पांढरा हत्ती. दिसतोय ना?"

अक्काचे हात थांबले.

सयामनं ती हत्तीची खूण युद्ध संपताच पुसून टाकली होती. तसली विमानंही केव्हाच भंगारात गेली होती. हे तिला अण्णांनीच सांगितलेलं.

त्या हत्तीबद्दल ते एकदाच बोलले होते. वाट चुकलेलं एक सयामी विमान त्यांच्या टेकडीजवळ कोसळलं. अण्णा धावत गेले. आतला वैमानिक जिवंत होता, पट्ट्यात अडकलेला. सयाम तेव्हा जपानच्या बाजूला, म्हणजे शत्रूचा माणूस. अण्णांनी त्याचा हात धरून ओढायला सुरुवात केली... आणि टाकीचा भडका उडाला.

तो गेला. अण्णांचे डोळे गेले. धुरातला तो पांढरा हत्ती, हे त्यांनी पाहिलेलं शेवटचं.

"इंजिन बंद पडतंय त्याचं," अण्णा उठून उभे राहिले. "त्याला उतरायला जागा दिसत नाहीये."

आणि मग अक्काच्या लक्षात आलं...

कावळे गप्प झाले होते.

समोरच्या स्टेशनात गाडीचं इंजिन वाफ सोडत उभं होतं. वाफ दिसत होती. आवाज नव्हता.

बसवंत तिच्याकडे बघून काहीतरी बोलत होता. ओठ हलत होते...

आवाज नव्हता.

अण्णा माळाकडे निघाले. काठी कट्ट्यालाच टेकलेली होती. आंधळा माणूस, पण कुठं ठेच नाही, अडखळणं नाही. मधोमध जाऊन थांबले. दोन्ही हात उंच केले आणि हळूहळू खाली आणले. जमिनीवरचा माणूस विमानाला खुणा करतो, तसे.

वारा अजिबात नव्हता.

तरी पलीकडच्या टोकाचं वाळलेलं गवत... झोपलं. दोन सरळ रेघांत झोपत झोपत पुढं आलं. अण्णांच्या अगदी पुढ्यात येऊन थांबलं.

एकदम सगळे आवाज परत आले.

"अक्का, बेडा! तिकडं जाऊ नका!" बसवंत ओरडत होता.

ती धावतच गेली.

अण्णांनी हात वर करून कुणाला तरी उतरवून घेतलं. आपला हात कुणाच्या तरी पाठीमागून घातला. मग घराकडे चालू लागले... एका अंगाला झुकून, ओझ्यानं वाकून.

"सावकाश. स्वल्प सावकाश," ते कुणाला तरी म्हणत होते. मिटल्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"कावेरी, पाणी आण."

तिनं तांब्या भरून आणला. अण्णांनी तो शेजारच्या मोकळ्या जागेपुढं धरला. जरा वेळानं तिच्या हातात परत दिला.

तांब्या रिकामा होता.

खाली जमीन कोरडी होती.

"कोण आहे, अण्णा?" तिनं विचारलं.

"तोच गं. किती लहान आहे बघ. तेव्हा धुरात नीट दिसलाच नव्हता."

संध्याकाळी अण्णांना ताप भरला. डॉक्टर आले, औषध दिलं, ताप उतरेना. अण्णा चटईच्या अगदी कडेला निजायचे. अर्धी चटई मोकळी सोडून. हळू आवाजात बोलायचे, मग थांबायचे... समोरचा काही सांगत असल्यासारखे.

एका सकाळी त्यांनी अक्काला जवळ बोलावलं.

"तो कुठं पडला, हे त्याच्या आईला ठाऊकच नाही गं. अजून वाट बघते म्हणे. एकटा कसा जाईल तो? मी त्याला सोडून येतो."

तापात बोलताहेत, असं तिला वाटलं. तिनं कपाळावरून हात फिरवला.

"सरी, जा अण्णा. पण लवकर ये."

ती कॉफी घेऊन येईपर्यंत सगळं संपलं होतं.

अक्का तिथंच खाली बसली. हात टेकला तो चटईच्या मोकळ्या बाजूला...

ती उबदार होती.

नंतर माझ्या वडिलांनी तिला जयनगरला आपल्या घरी राहायला बोलावलं. पुष्कळ विनवलं. ती आली नाही. बसवंत मात्र बदली मागून घेऊन निघून गेला.

मी मोठा झाल्यावर एकदा तिच्याकडे गेलो होतो. सवयीनं आत शिरताच दाराला कडी लावली. अक्का उठली. तिनं कडी काढली.

"अण्णा सोडायला गेलाय," ती म्हणाली. "मीच त्याला लवकर ये म्हटलंय. यायचाय अजून."



जेवायला बसलो. पण त्या दाराकडे पाठ करून बसायचा धीर झाला नाही.