झाडलोटीची चांदी

हुपरीच्या एसटीत अंतराच्या मांडीवरचं पोतं उसवलं आणि रिकाम्या बाटल्या गडगडत गाडीभर पसरल्या. पुढच्या सीटवरचा तरुण वाकून त्या वेचू लागला.

"अहो, असू द्या, मी घेते..."

"भंगाराचं दुकान हाय का तुमचं?"

"बालवाडीची बाई आहे. पोरांना कचरा शिकवते."

"पोरांना कचरा करायला शिकवावं लागतंय व्हय?"

तिला हसू आवरेना.

तो तरुण, राजवीर, हुपरीत चांदीचे पैंजण घडवायचा. त्यांच्या घरी कारखान्यातली झाडलोट कधी बाहेर टाकत नसत. साठवायची, जाळायची, राख धुवायची, मग त्यातून चांदी निघायची. अंतराच्या सांगण्यावरून तो कोल्हापुरात तिच्या वर्गावर आला. ताटलीतल्या काळ्या राखेत पाणी ओतून त्यानं ती हळूहळू हलवली. तळाशी चकाकलं तशी पोरं ओरडली. पुढं तो दर शनिवारी येऊ लागला. आज बाटल्यांच्या कुंड्या करू, आज रद्दी भिजवू... कारणं पुष्कळ. पण नजर कुणावर असायची, ते पोरांनाही कळायचं.

"वाढदिवसाला काय आणू, बाई?"

"काहीही आणा. चकचकीत कागद, खोका मात्र नको. उगाच कचरा."

त्यानं ते मनावर घेतलं. झाडलोटीच्या चांदीचे नाजूक पैंजण घडवले आणि वेफर्सच्या रिकाम्या पुडीत घालून तिच्या टेबलावर ठेवले. ती तेव्हा ऑफिसात होती. आपणहून सांगायला तो लाजला, तसाच गेला.

मधल्या सुट्टीनंतर पोरांना पुडी दिसली. बाईंनीच शिकवलं होतं, ह्या पुडीचं पुन्हा काही होत नाही, ती काळ्या डब्यात. पोरांनी टाकली. संध्याकाळच्या आत घंटागाडी आली आणि डबा रिकामा झाला.

पुढच्या शनिवारी राजवीरनं आधी तिच्या पायांकडं पाहिलं. मोकळे होते. त्यानंतर तो आलाच नाही.

वाढदिवससुद्धा विसरला, अंतराला वाटलं. आपण कशाला विचारायचं?

दिवाळी उलटल्यावर तो पुन्हा त्याच एसटीत भेटला. त्याच्या बोटात साखरपुड्याची अंगठी होती.

"पैंजण पसंत नव्हते व्हय?" त्यानं हळूच विचारलं.

"कुठले पैंजण?"

त्यानं सांगितलं. वेफर्सची पुडी म्हणताच अंतराचा हात तोंडावर गेला.

"पोरांनी... अहो, एकदा विचारायचं तरी!"

"तुमच्या पायांकडं बघितलं की. तेच विचारणं हुतं माझं."

हुपरी आली. "येतो, बाई," म्हणून तो उतरला. मागं वळला नाही.

उन्हाळ्याच्या तोंडावर अंतरानं पोरांना गावाबाहेर नेलं, कचऱ्याचा डोंगर दाखवायला. वर बगळे फिरत होते. चिमुरड्या संयोगितानं तिचा पदर ओढला.

"बाई, ह्यात आपल्या वर्गातला कचरा हाय?"

"हाय की."

"त्यातलं परत मिळतंय?"

अंतरानं तिचा हात हातात घेतला.

"नाही गं. म्हणून टाकायच्या आधी उघडून बघायचं."

पोरांना वाटलं, बाई नवीन धडा सांगतायत. सगळी एका सुरात ओरडली, "आधी उघडून बघायचं!"